नागली ताटात राहिली तरच शेतात राहील

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



दाभोसा असं गूगलवर टाकलं की पहिलं काय येतं? धबधबा. जव्हार तालुक्यात लेंडी नदी जवळजवळ तीनशे फूट खाली कोसळते, पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात, फोटो निघतात, भजी खाल्ली जातात आणि माणसं परत जातात. आज मी धबधब्याबद्दल बोलणार नाहीये. तिकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे उतार दिसतात, त्यांच्याबद्दल बोलणार आहे. त्यांवर काय पिकतं, कोण पिकवतं, आणि आणखी वीस वर्षांनी ते पिकेल का?

माझ्याबद्दल दोनच वाक्यं. मी बीटेक केलंय, ठाण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणून नोकरी करतो. माझं आजोळ दाभोसाच्या बाजूच्या एका पाड्यावर आहे, मामा-मामी अजून शेती करतात, आणि लहानपणापासून दिवाळीची सुट्टी मी त्यांच्या खळ्यावर काढलीय. त्यामुळे आज जे सांगणार ते थोडं पाहिलेलं, थोडं वाचलेलं.

एक शब्द आधी सांगून ठेवतो. तुम्ही ज्याला नाचणी म्हणता, त्याला आमच्याकडे नागली म्हणतात. पुढे मी नागलीच म्हणेन.

आता ही शेती चालते कशी ते बघू. जव्हार-मोखाड्यात जमीन दोन प्रकारची. खाली सखल भागात बांध घातलेली खाचरं, तिथे भात. वर उतारावर वरकस जमीन, तिथे नागली, वरई, खुरासणी, उडीद. उन्हाळ्यात राब भाजतात. म्हणजे रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, ऐनाच्या फांद्या, गवत असे थर रचायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि पावसाच्या आधी पेटवायचं. त्याने तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेतून खत मिळतं. पाऊस पडला की तिथे बी टाकायचं, रोपं वर आली की उपटून लावणी.

उतारावर दरवर्षी एकच पीक घेत नाहीत. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी किंवा उडीद, मग जमीन काही काळ पड टाकायची. भातातसुद्धा एकच वाण नाही. वरच्या खाचरात पाणी टिकत नाही म्हणून तिथे लवकर येणारा हळवा, मधल्या भागात निमगरवा, खाली पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरात गरवा. डांगी, कोळपी, कसबई ही वाणांची नावं तुम्हाला जव्हारच्या म्हाताऱ्या माणसांकडून सहज ऐकायला मिळतील.

हे सगळं इतकं गुंतागुंतीचं का? कारण पाऊस. इथे वर्षाला साधारण अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत पडून उतारावरून निघून जातो. मार्चनंतर याच गावांमधल्या बाया हंडे घेऊन झऱ्यावर जातात. मुंबईला पाणी पुरवणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्याच्या हद्दीत, कोचाळ्याला आहे, आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो. म्हणजे शेती पूर्ण पावसावर. जूनमध्ये पाऊस लांबला तर एक पीक मार खातं, ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात कापणीला आलेला हळवा आडवा झाला तर दुसरं. पण सगळंच एकदम जात नाही. काहीतरी घरात येतं. आमच्या क्षेत्रात एक मशीन बंद पडलं तरी सेवा चालू राहावी म्हणून आम्ही पैसे ओततो. इथे तेच काम चार पिकं आणि तीन प्रकारचे भात करतात.

जगात याला अ‍ॅग्रोइकॉलॉजी म्हणतात. मराठीत कृषी-परिस्थितिकी असा शब्द आहे, पण तो जड आहे. साधं सांगायचं तर माती, पाणी, झाडं, गुरं, किडे आणि माणसं यांचं एकमेकांशी असलेलं नातं सांभाळून केलेली शेती. आणि त्यात दुसरा भागही आहे, जो बऱ्याचदा गाळला जातो : ही शेती करणाऱ्याचा जमिनीवर, बियाण्यावर आणि बाजारावर हक्क. २००७ साली आफ्रिकेतल्या मालीमध्ये न्येलेनी इथे जगभरच्या छोट्या शेतकऱ्यांच्या, मच्छीमारांच्या, पशुपालकांच्या संघटना जमल्या आणि त्यांनी अन्न सार्वभौमत्वाचा जाहीरनामा काढला. काय पिकवायचं आणि काय खायचं हे आम्ही ठरवू, एवढाच त्याचा गाभा. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शेतकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, त्यात बियाण्याचा हक्क स्वतंत्र कलमात आहे.

यावर ऑफिसमध्ये मला हमखास एक प्रश्न येतो : हे सगळं छान आहे रे, पण छोट्या शेतकऱ्यांच्या जिवावर जग जेवेल का? तर ऐका. जगातल्या दर सहा शेतांपैकी पाच शेतं दोन हेक्टरपेक्षा लहान आहेत. त्यांच्याकडे शेतजमिनीचा वाटा फक्त १२ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तेवढ्यातून ते जगाचं साधारण ३५ टक्के अन्न पिकवतात. हा अन्न आणि कृषी संघटनेच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. तेव्हा छोटा शेतकरी म्हणजे म्युझियममधली वस्तू नाही.

पण दुसरी बाजूही बघू. २०२१ मध्ये श्रीलंका सरकारने एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली. शेतकऱ्यांना तयारीला वेळ नाही, पर्यायी खत नाही. भाताचं उत्पादन कोसळलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. यातून मी एवढंच घेतो की अशी शेती हुकुमाने होत नाही. जिथे ती आधीच चालू आहे, तिथे ती मोडू न देणं जास्त सोपं आणि स्वस्त आहे. दाभोसासारख्या गावांचं महत्त्व मला इथे वाटतं.

मग ती मोडतेय का? हो, हळूहळू. नागली कमी होतेय, वरई त्याहून वेगाने. त्याची कारणं नीट बघितली पाहिजेत, कारण लोक आळशी झाले किंवा पोरांना भाकरी आवडत नाही, हे उत्तर फार सोपं आहे.

पहिलं कारण कष्ट. नागलीची लावणी उतारावर वाकून करायची. कणसं एकदम तयार होत नाहीत, हाताने खुडायची. वरईचं तर विचारू नका. तिचं टरफल इतकं घट्ट की उखळात पुन्हा पुन्हा कांडावं लागतं. हे कांडण कोण करतं? मामी करते. भात गिरणीत टाकला की तासाभरात तांदूळ घरात. मग मामीने वरई का लावावी? पारंपरिक धान्याचं कौतुक करणाऱ्या भाषणांत हा प्रश्न क्वचित येतो. ज्यांना कांडायचं नसतं, त्यांना ते धान्य फार गोड लागतं.

दुसरं कारण स्थलांतर. दिवाळीनंतर घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात. होळीला एकदा येतात आणि परत जातात. राबाची तयारी उन्हाळ्यात करायची असते आणि नेमकी तेव्हा माणसं गावात नसतात. राब नीट भाजला नाही की तण वाढतं, तण वाढलं की बेणणी वाढते, बेणणीला हात नाहीत. मग पिशवीतलं संकरित बियाणं आणि युरियाची गोण बरी वाटते. त्याला पैसे लागतात, पैशासाठी पुन्हा भट्टी.

तिसरं कारण रेशन. इथे मला फार सांभाळून बोलायचंय, कारण रेशनच्या तांदळाने माणसं जगवलीत. १९९२-९३ मध्ये याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने बालकांचे मृत्यू झाले आणि तेव्हा कुठे मुंबईला या डोंगरांची आठवण झाली. तेव्हा रेशन कमी करा असं कोणी म्हणू नये. प्रश्न इतकाच की रेशनमध्ये काय येतं? तांदूळ आणि गहू. फुकट मिळणाऱ्या तांदळाशी कष्टाची नागली स्पर्धा करू शकत नाही.

आणि ताटातला फरक किती मोठा आहे बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम नागलीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पॉलिश केलेल्या तांदळात आठ मिलिग्रॅमसुद्धा नाही. लोह नागलीत साडेचारच्या वर, तांदळात एकाच्या आत. प्रथिनं मात्र दोन्हीत जवळपास सारखीच, ती भरून काढायची तर उडीद, तूर हवी, जी याच उतारावर आणि बांधावर होते. म्हणजे उतारावरचा पीकक्रम आणि ताटातला समतोल ही एकच गोष्ट आहे. उतारावर एकच पीक आलं की ताटातही एकच गोष्ट येते.

आता बियाण्याकडे येतो, कारण मित्र मला सगळ्यात जास्त याबद्दलच विचारतात. त्यांचं म्हणणं, तू इंजिनियर आहेस, एक अ‍ॅप बनव, सगळ्या वाणांची नोंद कर, डेटाबेस झाला की वाचलं. आधीच काय काम झालंय ते सांगतो. बायफ या संस्थेने जव्हार भागात भात, नागली, वरईच्या स्थानिक वाणांचं संकलन केलंय, शेतकऱ्यांसोबत त्यांची लागवड करून गुण नोंदवलेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाणं जपण्याच्या कामासाठी पद्मश्री मिळाली, हे तुम्हाला माहीतच आहे. जागतिक पातळीवर नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर बर्फात बियाण्याची तिजोरी आहे, २००८ पासून. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोची बियाणे बँक चालवता येईना, तेव्हा २०१५ मध्ये त्या तिजोरीतून पहिल्यांदा बियाणं बाहेर काढलं गेलं. म्हणजे साठवण उपयोगी पडते.

पण आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. बॅकअप घेतला एवढ्याने काम संपत नाही, चालती यंत्रणा चालू ठेवावी लागते. थंड तिजोरीत ठेवलेलं बी ज्या वर्षी ठेवलं त्या वर्षातच थांबतं. दाभोसाच्या उतारावरचं बी दरवर्षी बदललेला पाऊस बघतं, त्यातून मामी चांगली कणसं निवडते, ती बाजूला सुकवते, राख आणि निरगुडीचा पाला घालून ठेवते, आणि पुढच्या वर्षी तेच पेरते. निवडायचं कसं हे तिच्या हातात आहे, माझ्या डेटाबेसच्या कुठल्या रकान्यात ते बसवू? नोंदी जरूर कराव्यात. फक्त नोंद ज्यांची आहे त्यांच्या ग्रामसभेकडे तिची मालकी राहावी आणि ती मराठीत, त्यांना वाचता येईल अशी असावी, एवढी अट मी घालेन.

कायद्याचंही थोडं. आपल्याकडे २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकरी आपलं बियाणं जपू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. २०१९ मध्ये गुजरातमधल्या बटाटा शेतकऱ्यांवर पेप्सिकोने दावे लावले, तेव्हा याच कलमाचा आधार घेऊन लोक उभे राहिले आणि कंपनीने दावे मागे घेतले. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा काढला. असले मसुदे आले की एकच प्रश्न विचारत चला : शेजारणीला सूपभर नागलीचं बी देणाऱ्या बाईला यात मोकळीक आहे का?

जमिनीचा प्रश्नही याला चिकटलेला आहे. वरकस उताराचा बराच भाग वनजमिनीत येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने तिथे कसणाऱ्यांना हक्क दिला, पण ज्याचा दावा अडकलाय किंवा ज्याला कसतो त्यापेक्षा कमी जमिनीचा पट्टा मिळालाय, तो माणूस बांध का घालेल, झाड का लावेल? बायफने १९८२ मध्ये गुजरातच्या वांसद्यात वाडी कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तो जव्हारातही आला. एकरभर जागेत आंबा, काजू, कुंपणाला इतर झाडं, मधल्या जागेत पिकं. ज्यांची वाडी उभी राहिली त्यांना गावात राहायला कारण मिळालं. पण आंब्याला फळ यायला वर्षं लागतात. तेवढा धीर धरायचा तर जमीन आपली आहे ही खात्री आधी हवी.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी दिसतात, आणि तिन्हींसाठी नवीन शोध लागत नाही.

पहिली, नागलीची गावातच खरेदी. नागलीला केंद्राचा हमीभाव आहे. २०२५-२६ साठी तो क्विंटलला ४,८८६ रुपये, साध्या भाताला २,३६९. कागदावर नागली दुप्पट महाग. पण हमीभाव म्हणजे कोणीतरी वजनकाटा घेऊन पाड्याजवळ येणं. आमच्या भागात खरेदी केंद्र म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर भात येतो. नागलीवाल्याने पायली घेऊन बाजारात जायचं आणि व्यापारी म्हणेल तो भाव घ्यायचा.

दुसरी, ती नागली रेशनमध्ये आणि अंगणवाडीत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ, गहू यांच्यासोबत भरड धान्य आधीपासून लिहिलेलं आहे, एक रुपये किलो दराने. २०२३ पासून धान्य फुकट झालंय, पण भरड धान्य कायद्यात आहेच. ओडिशाने २०१७ मध्ये आदिवासी भागांत मिलेट्स मिशन सुरू केलं, शेतकऱ्यांकडून हमीभावाने मंडिया, म्हणजे नागलीच, घेतली आणि रेशनवर दिली. आपल्याकडे आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत शिजवलेलं जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. त्या ताटात गावच्या नागलीची भाकरी असायला काय हरकत आहे?

जरा हिशेब करू. समजा शंभर घरांचं गाव, घरटी पाच माणसं. कायद्याने माणशी पाच किलो धान्य. त्यातला फक्त एक किलो नागलीचा करा. महिन्याला ५०० किलो, वर्षाला ६० क्विंटल. हमीभावाने त्याचे होतात २ लाख ९३ हजार रुपये. हे पैसे सरकार धान्यावर तसंही खर्च करतंय. फरक एवढाच की ते दूरच्या गोदामाऐवजी त्याच उतारावर जातील, दरवर्षी, पाऊस बघून नाही. यातून भट्टी सुटेल असं मी म्हणत नाही. पण काही घरांना राब भाजायला उन्हाळ्यात थांबता येईल.

तिसरी गोष्ट, कांडप यंत्र. वरई सडणारं, नागली मळणारं छोटं यंत्र, बचत गटाच्या ताब्यात, पाड्यापासून चालत जाता येईल इतकं जवळ. आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस जव्हारमध्येच हवा. यंत्राचं उद्घाटन होऊन दोन वर्षांनी ते गंजत पडलं असेल तर बाई पुन्हा उखळाकडे जात नाही, ती वरईच सोडते. माझ्यासारख्या इंजिनियर मंडळींना खरंच काही करायचं असेल तर अ‍ॅपच्या आधी हे काम आहे.

हे कोण घडवणार? जव्हार-मोखाडा पाचव्या अनुसूचीतले तालुके आहेत, १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे, म्हणजे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. ग्रामसभा ठराव करू शकते की आमच्या अंगणवाडीत आमची नागली हवी. ठराव करून लगेच होत नाही, पाठपुरावा करावा लागतो, आणि त्यात शहरात शिकलेली आमची पिढी कामाची आहे. अर्ज लिहायला, माहिती अधिकारात विचारायला, कायद्याचं कलम शोधून द्यायला.

आणि तुम्ही जे मुंबई-पुण्यात बसून हे ऐकताय, त्यांना एक विनंती. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष झालं, तेव्हापासून मॉलमध्ये नागलीची बिस्किटं, कुकीज सगळं दिसतं. घ्या, खा. पण पाकिटावर नागली कुठली ते बघा, आणि जमलं तर थेट बचत गटाकडून घ्या. नागली शहरात महाग झाली आणि पिकवणारीच्या घरात पोरं पॉलिश तांदूळच खात राहिली, तर आपण तिचं पीक वाचवलं असं होत नाही.

पावसाळ्यात दाभोसाला जाल तेव्हा धबधबा बघाच. येताना सप्टेंबर-ऑक्टोबर असेल तर उतारावर पिवळीधमक खुरासणी फुललेली असेल, तिच्या शेजारी नागलीची कणसं वळत असतील. बांधावर कोणी दिसलं तर विचारा, ताई, यंदा नागली किती लावली, घरी खायला पुरते का? उत्तर आलं की मला कळवा. पुढच्या भागात अमृत आहाराच्या ताटाबद्दल बोलायचंय, त्यात ती उत्तरं वापरू.